लस टोचल्यावर ताप येतो, मग टोचावी की नाही?



मागील अंकात खोडव्यातील पाचट कुजविण्याविषयी लिहिले होते. या अंकात पाण्याच्या पाळ्यांचा विषय घ्यावयाचा होता, तो एक अंक पुढे ढकलीत आहे. कारण असे की, गेल्या दोन महिन्यांत लागणीच्या नोंदीसाठी वस्त्यांवर फिरताना तीन-चार घरांत एकच गोष्ट कानावर आली. दीड महिन्याच्या बाळाला लस टोचली, पोर रात्रभर रडले, मांडी सुजली, अंग तव्यासारखे तापले, आणि घरातल्यांनी ठरवून टाकले, "आता दुसरा डोस नको. चांगल्या पोराला कशाला दुखणं लावून घ्यायचं?" एका घरी सूनबाई न्यायला तयार होत्या, पण सासूबाई आडव्या आल्या. दुसऱ्या घरी आजी म्हणत होत्या नेऊ या, आणि बाळाचे वडील मोबाईलवर आलेला कुठलातरी मजकूर दाखवीत होते. दोन्ही घरांत लेकरावरची माया सारखीच होती, हे आधी सांगितले पाहिजे.

मी डॉक्टर नव्हे. माझी पदविका शेतीची. परंतु हा मजकूर छापण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवून घेतला आहे.

बेण्याचे उदाहरण

आपल्यापैकी ज्यांनी कारखान्याच्या बेणेमळ्यातून उष्ण बाष्पयुक्त हवेची प्रक्रिया केलेले मूलभूत बेणे नेले आहे, त्यांना ठाऊक आहे की ते बेणे ५४ अंश सेल्सिअसला तापविलेले असते. गवताळ वाढीचा रोग बेण्याच्या आत असतो, तो वरून औषध फवारून जात नाही, उष्णतेनेच जातो. या प्रक्रियेत डोळ्यांना थोडा त्रास होतोच. उगवण काही टक्के कमी पडते, आणि मग काही सभासद गट ऑफिसात येऊन "साहेब, बेणं भाजून दिलंय" म्हणून तक्रार करतात. तक्रार खोटी नसते. पण ज्याने एकदा गवताळ वाढीचा प्लॉट पाहिला आहे, पांढुरक्या पानांचे नुसते गवत आणि गाळपाला न्यायला एक कांडे नाही, तो पुढच्या वर्षी मुकाट्याने तेच बेणे नेतो.

लशीचा हिशेब काहीसा असाच आहे. मात्र येथे एक फरक आहे व तो मोठा आहे. टिपरी उगवली नाही तर आपण नांगी भरतो. लेकराचे तसे नाही. म्हणून "लाखात एखाद्यालाच होतं" असे सांगून आई-बापाला गप्प करणे मला पटत नाही. तो एक आपलाच निघाला तर, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर द्यायचे तर दोन्ही पारड्यांत काय आहे ते सरळ मांडले पाहिजे.

कोणत्या लशीनंतर काय होते

जन्मल्यावर डाव्या दंडावर बी.सी.जी. देतात. दोन ते सहा आठवड्यांनी तेथे फोड येतो, फुटतो, महिना-दोन महिन्यांत खपली धरून वण राहतो. हे व्हायचेच असते. त्यावर हळद, मलम, शेक काही लावू नये.

सहा, दहा व चौदा आठवड्यांना जी मांडीत टोचतात ती पंचगुणी म्हणजे पेंटाव्हॅलंट. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, ब प्रकारची कावीळ आणि हिब नावाच्या जंतूमुळे होणारा न्यूमोनिया व मेंदूज्वर या पाचांवरची ही लस. सगळी तक्रार बहुधा हिचीच असते. टोचल्याची जागा दुखणे, लाल होणे, सुजणे, ताप, किरकिर हे पुष्कळ मुलांना होते आणि दोन-तीन दिवसांत ओसरते. यातील डांग्या खोकल्याचा भाग संपूर्ण मेलेल्या जंतूंपासून बनवितात, म्हणून अंग जरा जास्त तापते. काही थोड्या बाळांचे रडणे तीन-तीन तास थांबत नाही. त्याहून क्वचित एखादे बाळ काही वेळ ढिले, फिकट पडते. आई-बापाचा जीव घाबरा होतो, पण बाळ पुन्हा पूर्ववत होते. असे झाल्यास बाळाला दवाखान्यात दाखवावे व पुढील डोसाच्या आधी नर्सताईंना सांगावे, लपवू नये.

खासगी दवाखान्यात जी महागडी "न दुखणारी" लस मिळते तिच्यात जंतूंचे निवडक तुकडेच असतात. तिने ताप कमी येतो हे खरे. पण डांग्या खोकल्यावरचे तिचे संरक्षण लवकर ओसरते असे दिसून आले आहे. ज्यांना परवडत नाही त्यांनी कमीपणा मानू नये, सरकारी लस कामाला कमी नाही.

गोवर-रुबेलाची लस नवव्या महिन्यानंतर व दीड वर्षाच्या सुमारास देतात. तिचा ताप त्याच रात्री येत नाही, आठवडा ते बारा दिवसांनी येतो, कधी बारीक पुरळही उठते. सुमारे ३ ते ४ हजार डोसांमागे एका मुलाला या तापात झटका येतो. झटका बघायला फार भयंकर दिसतो, पण तापाच्या झटक्याने पुढे मेंदूला इजा राहत नाही, आणि लस न घेताही शंभरातील दोन ते पाच मुलांना कुठल्या ना कुठल्या तापात तो येतोच. अशा वेळी पोराला कुशीवर निजवावे. तोंडात चमचा घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, पाणी पाजू नये. झटका थांबला की दवाखाना गाठावा.

खरी जीवघेणी गोष्ट म्हणजे तीव्र ॲलर्जी. अंगावर गांधी, ओठ-डोळे सुजणे, श्वासाला घरघर, पोर एकदम मलूल होणे. साधारण दहा लाख डोसांत एखाद-दुसऱ्याला असे होते आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत होते. वेळीच इंजेक्शन दिले तर पोर वाचते. म्हणूनच लशीनंतर अर्धा तास केंद्रावर बसवून ठेवतात. "वैरण राहिलीय, पाणी दारं धरायचंय" म्हणून लगेच मोटारसायकलीला किक मारू नये.

आता दुसरे पारडे. गोवरात हजारी एकाला मेंदूला सूज येते, वीस मुलांत एकाला न्यूमोनिया होतो, आणि कुपोषित मुलांत मृत्यूचे प्रमाण कितीतरी चढते. घटसर्पात उपचार मिळूनही शंभरातले पाच-दहा रुग्ण दगावतात. डांग्या खोकल्यात अगदी तान्ह्या बाळाला खोकल्याचा तो ओळखीचा आवाज येतच नाही, श्वासच थांबतो. धनुर्वाताविषयी आपण शेतकऱ्यांनी वेगळा विचार केला पाहिजे. त्याचे जंतू शेणामातीत असतात. गोवर माणसाकडून माणसाला होतो, तेव्हा गावातील शंभरातल्या पंचाण्णव मुलांना लस मिळाली असेल तर उरलेल्यांनाही आडोसा मिळतो. धनुर्वाताला असा आडोसा नाही. शेजारच्या शंभर पोरांनी लस घेतली तरी आपल्या पोराच्या पायात गोठ्यातला खिळा घुसायचा तो घुसतोच.

नंतर झाले म्हणजे त्यामुळे झाले काय?

तणनाशक मारले, आठ दिवसांनी ऊस पिवळा पडला, की शिव्या तणनाशकाला. उपटून पाहावे तर मुळाशी हुमणी. आपल्याला हा अनुभव आहे. बाळाच्या पहिल्या दीड वर्षात लशी अनेकदा देतात आणि त्याच वयात आकडी, जन्मजात दोष, बोलणे उशिरा येणे या गोष्टी प्रथम लक्षात येतात. दोन्ही एकाच महिन्यात पडले की संबंध जोडला जातो.

स्वमग्नतेचा, म्हणजे ऑटिझमचा, असाच बोभाटा झाला. इंग्लंडमधील डॉ. अँड्र्यू वेकफील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली अवघ्या १२ मुलांवरून गोवर-गालगुंड-रुबेला लशीवर संशय घेणारा लेख 'लॅन्सेट' साप्ताहिकात छापला. २०१० साली साप्ताहिकाने तो लेख मागे घेतला व त्याच वर्षी वेकफील्ड यांचे नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढण्यात आले. २०१९ साली डेन्मार्कमधील ६ लाख ५७ हजारांवर मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लस घेतलेल्या मुलांत स्वमग्नता जास्त आढळली नाही. तरी तो जुना संशय अजून आपल्या मोबाईलवर फिरतो आहे.

पण प्रत्येक वेळी संशय फोल असतो असेही नाही, आणि भीतीपोटी लस बंद केल्यास काय होते हे जपानने पाहिले आहे. १९७४ साली तेथे डांग्या खोकल्याचे ३९३ रुग्ण होते, मृत्यू एकही नव्हता. १९७४-७५ च्या हिवाळ्यात लशीनंतर दोन बालके दगावली. सरकारने लस काही काळ थांबविली. पुन्हा सुरू केली तरी लोकांचा विश्वास उडाला होता. जेथे शंभरात ऐंशी मुले लस घेत होती तेथे दहाच घेऊ लागली. १९७९ साली १३ हजारांवर रुग्ण झाले आणि ४१ जण दगावले. त्यानंतर १९८१ पासून जपानने कमी ताप आणणारी, निवडक तुकड्यांची लस आणली, लोक परत आले, रोग उतरला. पालकांच्या तक्रारीचा उपयोग झाला तो असा. तक्रार करावी, नोंदवावी, चौकशी मागावी. बाळाला मात्र मधल्या काळात उघडे ठेवू नये.

चूक माणसाची

लशीपेक्षा मला लस देणाऱ्या हातांची काळजी जास्त वाटते. ३१ जानेवारी २०२१ रोजी आपल्याच राज्यात यवतमाळ जिल्ह्यात १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. सुदैवाने सारी मुले बरी झाली. दक्षिण सुदानमध्ये २०१७ साली एकच सिरिंज चार दिवस अनेकांना वापरली, लस थंडही ठेवली नाही; १५ मुले गेली. यात लशीचा दोष नव्हता, पण ज्याचे मूल गेले त्याला हा फरक सांगून काय उपयोग?

म्हणून आई-बापांनी केंद्रावर डोळे उघडे ठेवावेत. सिरिंज नवी पाकीट फोडून काढली ना, ते पाहावे. एकदा वापरली की आपोआप अडकणारी सिरिंज असते. बाटलीवर एक गोल खूण असते, तिच्या आत चौकोन. चौकोन भोवतीच्या वर्तुळापेक्षा फिकट असेल तर लस चांगली. वर्तुळाइतका किंवा जास्त गडद झाला तर ती उष्णतेने गेलेली. गोवर व बी.सी.जी. पाण्यात कालवल्यावर चार तासांच्या आत संपवायची असते. तेव्हा कधी कालवली, हे विचारावे. आपण खतांच्या दुकानात पोत्यावरची तारीख पाहतो, बिल मागतो. नर्सताईंना हे विचारले म्हणून त्या रागावणार नाहीत, आणि रागावल्या तरी चालेल. कोणती लस, काय त्रास होईल, पुढे केव्हा यायचे, कार्ड जपून ठेवा, या चार गोष्टी सांगणे त्यांचे कामच आहे.

ताप आल्यास पॅरासिटामॉलचे औषध बाळाच्या वजनाप्रमाणे, नर्सताईंनी सांगितलेल्या मापानेच द्यावे. गोधडीत गुंडाळू नये, अंगावर पाजत राहावे. ताप दोन दिवसांच्या पुढे राहिला, सूज वाढतच गेली, बाळ पिईना किंवा जागे होईना, तर थांबू नये.

कोणाला खरोखर देऊ नये

मागील डोसाला तीव्र ॲलर्जी झालेली, डांग्या खोकल्याच्या लशीनंतर सात दिवसांत मेंदूचा गंभीर आजार झालेली, किंवा प्रतिकारशक्ती फार खालावलेली मुले यांच्याबाबत डॉक्टर ठरवितील. जोराचा ताप असेल तर काही दिवस पुढे ढकलतात. सर्दी, किरकोळ खोकला, पातळ शी, दात येणे, बाळ वजनाने कमी असणे ही कारणे नव्हेत. मागच्या डोसाला साधा ताप आला, हेही कारण नव्हे.

दुसरा डोस राहून चार महिने झाले, आता पहिल्यापासून सुरू करावे लागेल, अशी समजूत बऱ्याच ठिकाणी आहे. ती चूक आहे. जेथे थांबले तेथून पुढे चालू करतात.

शेवटी तोडणी टोळ्यांविषयी. गळीत हंगामात बीड, अहिल्यानगर, जालना भागातून येणाऱ्या कुटुंबांची तान्ही पोरे सहा-सहा महिने आपल्या रानात कोप्यांत राहतात. गावी असत्या तर त्यांच्या लशी वेळेवर झाल्या असत्या. इकडे कोणाचे लक्ष नसते. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली, मुले दगावली. लस न मिळालेल्या मुलांत ती जोराने पसरली. कोपीतले पोर आणि आपले पोर एकाच हौदावर खेळते. ज्या सभासदाच्या रानात टोळी उतरेल त्याने पाच वर्षांखालील मुलांची नावे मुकादमाकडून लिहून घेऊन गट ऑफिसात किंवा आशाताईंकडे द्यावीत. देशात कोठेही, कोणत्याही सरकारी केंद्रावर लस फुकट मिळते. कार्ड गावी राहिले असले तरी पोराला परत पाठवीत नाहीत. नवे कार्ड करून देतात.