आधी हात, मग नेम

प्रश्न : माझी लेक बारा वर्षांची आहे. आम्ही द्वारकेत राहतो. तिला एअर रायफल शिकायची आहे. सुरक्षिततेचं काय पाहू? – एक आई, नवी दिल्ली

उत्तर : ताई, ‘छऱ्याचीच तर बंदूक’ म्हणणाऱ्या प्रशिक्षकाकडे तिला पाठवू नका. 4.5 मिलिमीटरचा तो छर्रा डोळा कायमचा घालवू शकतो. रेंजवर गेलात की नेमबाजी नंतर बघा, थांबलेल्या मुलांकडे आधी बघा. रायफलीच्या नळीत आरपार रंगीत सुरक्षा-दोरी आहे का? नळीचं तोंड लक्ष्याकडेच आहे का? नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरपासून दूर राहतं का? ‘स्टॉप’ ऐकताच सगळे थांबतात का? नेमबाजीच्या रेषेपुढे कुणी असताना बंदुकीला हात लावणारं मूल दिसलं, तर तिथून निघा. सरावानंतर हात साबणाने धुवायला लावा, छऱ्यात शिसं असतं. घरच्या गच्चीवर सराव अजिबात नको.

तुघलकाबादची कर्णीसिंह रेंज एकदा दाखवून आणा. घाई मात्र नको. अंजली भागवत मुंबईत कॉलेजात असताना एनसीसीतून नेमबाजीकडे वळल्या आणि 2000 साली सिडनी ऑलिंपिकमध्ये 10 मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत पोचल्या.