‘सिग्निफिकंट’ म्हणजे ‘स्ट्रॉंग’ नव्हे

बडोद्यातल्या मराठी घरांतली मुलं घरी मराठी बोलतात, बाजारात गुजराती, आणि प्रबंध मात्र इंग्रजीत लिहितात. असे प्रबंध तपासताना मी ‘स्ट्रॉंग’ हा शब्द दिसला की आधी तक्ता उघडते.

एका विद्यार्थिनीने निकालाच्या प्रकरणात ‘सिग्निफिकंट रिलेशनशिप’ लिहिलं होतं. ते बरोबरच होतं. चर्चेत त्याचं ‘हायली सिग्निफिकंट’ झालं, समारोपात ‘स्ट्रॉंग’ आणि सारांशात थेट ‘लीड्स टू’. आकडा मात्र सगळीकडे तोच! तोंडी परीक्षेत परीक्षकांनी नेमकं सारांशावर बोट ठेवलं आणि तिला दोन प्रकरणं पुन्हा लिहावी लागली. आकडेमोड अचूक असताना हा भुर्दंड पडावा, याचं फार वाईट वाटतं.

‘सिग्निफिकंट’ एवढंच सांगतो, की दोन चलांत काहीच संबंध नसता तर असा आकडा निव्वळ योगायोगाने येणं अवघड होतं. संबंध किती घट्ट आहे, हे त्यातून कळत नाही. हजार जणांच्या नमुन्यात सहसंबंध गुणांक 0.1 आला तरी तो 1 टक्का पातळीवर सिग्निफिकंट ठरतो. पण त्याचा वर्ग 0.01, म्हणजे एका चलातल्या चढउतारापैकी जेमतेम 1 टक्का दुसऱ्याशी जुळतो. उलट नमुना दहाच जणांचा असेल, तर 0.6 सुद्धा 5 टक्क्यांच्या कसोटीला उतरत नाही.

‘डायरेक्टली प्रोपोर्शनल’ही असाच सर्रास लिहिला जातो. 20 अंश सेल्सिअस म्हणजे 68 फॅरनहाइट आणि उन्हाळ्यातले 40 अंश म्हणजे 104. गुणांक पूर्ण 1, तरी एक दुप्पट झाल्यावर दुसरं दुप्पट होत नाही. इथे ‘परफेक्टली लिनिअर’ म्हणावं.

आणि आलेख काढल्याशिवाय ‘स्ट्रॉंग’ लिहूच नये. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अँस्कम यांनी 1973 मध्ये अकरा-अकरा बिंदूंचे चार संच मांडले. चारही संचांचा गुणांक सुमारे 0.816, पण एकात चक्क वक्र, तर एकात सगळा संबंध एकाच बिंदूच्या जिवावर.

बडोद्यातच 1890 मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षण संस्था सुरू झाली, तेव्हा रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांनी तांत्रिक शिक्षण मातृभाषेतून देण्याचा आग्रह धरला होता. प्रबंध लिहिणाऱ्यांनी निदान निष्कर्ष तरी आधी घरच्या भाषेत बोलून पाहावा. ‘जास्त शिकलेल्या घरांत दुधावरचा खर्च किंचित जास्त दिसला’ असं तोंडून निघालं, तर इंग्रजीत ‘वीक पॉझिटिव्ह असोसिएशन’ लिहावं आणि गुणांक व नमुन्याची संख्या त्याच वाक्यात द्यावी.