अन्नाबरोबर अभयही : दुष्काळग्रस्त मुलांच्या प्रतिपालकांस सूचना

इ. स. १८९७ च्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनीं मध्यप्रांतांतील शेंकडों अनाथ मुलींस आश्रय दिला. तेंच पुण्यकर्म आपल्या घरीं करूं इच्छिणाऱ्या सद्गृहस्थांस आम्ही नम्रपणें कळवितों कीं, अन्नवस्त्र दिल्यानें अर्धेंच कार्य होतें.

फार दिवस उपाशी राहिलेल्या मुलास एकदम पोटभर जेवूं घालणें प्राणघातक ठरूं शकतें. प्रथम डॉक्टरांच्या देखरेखीखालीं थोडें थोडें अन्न वारंवार द्यावें. पुढें पोट भरलें तरी भुकेची धास्ती जात नाहीं. मूल भाकरी उशाखालीं लपवितें, रात्रीं दचकून उठतें, कोणाशीं बोलत नाहीं. ही चोरी नव्हे, कृतघ्नताही नव्हे. सोसलेल्या दिवसांची ती खूण आहे. त्याबद्दल मारूं नये. जेवण बंद करण्याची धमकी तर कदापि देऊं नये. जेवणाची वेळ ठरलेली असावी व भाकरीची टोपली मुलाच्या हातीं लागेल अशी ठेवावी. भावंडांची ताटातूट करूं नये, आणि पाहुण्यांपुढें त्यांच्याकडून दुःखाची कथा वदवूं नये.

इ. स. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमान्वयें निराश्रित मूल आढळल्यास २४ तासांच्या आंत बाल कल्याण समितीस, पोलिसांस अथवा चाइल्डलाइनच्या १०९८ क्रमांकास कळविलें पाहिजे. समितीच्या हुकुमावांचून तें परस्पर ठेवून घेतां येत नाहीं. मूल ही ठेव आहे. तिला घरकामास जुंपण्याचा अधिकार कोणासही नाहीं.

पाऊस पडला कीं वर्गणी आटते. मुलाची धास्ती मात्र पावसाबरोबर जात नाहीं. यास्तव दात्यांनीं निदान वर्षभर मासिक वर्गणी द्यावी, ही विनंति.