एकतर्फी निकाल लागल्यावर

“निकाल लागलाय, आता काही होत नाही,” हे मला नातेवाइकांनी ऐकवलं, शेजाऱ्यांनी ऐकवलं आणि कोर्टाच्या आवारात भेटलेल्या एका वकिलांनीसुद्धा. ते खरं नाही. मुलीच्या ताब्याचा निकाल माझ्याविरुद्ध एकतर्फी लागला होता आणि मला दाव्याची कुणकुणही नव्हती. शाळेत लेकीला भेटायला गेले, तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी आदेशाची झेरॉक्स पुढे केली.

अशा वेळी पहिलं वाटतं ते पोर उचलून घरी आणावं. माझा भाऊ गाडी काढून तयारच होता. तसं अजिबात करू नका. आदेश समोरच्याच्या बाजूने असताना केलेली जबरदस्ती पुढे प्रत्येक तारखेला तुमच्याविरुद्ध सांगितली जाते, आणि ओढाताण होते ती लेकराचीच.

आधी नक्कल विभागात अर्ज टाका. निकालाबरोबर मूळ दाव्याची, रोजनाम्याची आणि बेलिफाच्या अहवालाचीही नक्कल मागा. माझी बाजू त्या अहवालावरच उभी राहिली. ‘जाबदेणार मिळून आल्या नाहीत, घरास कुलूप, सबब समन्स दरवाजावर चिकटवले,’ आणि खाली पंचांच्या सह्या. पत्ता पुण्यातल्या फ्लॅटचा. तो सोडून मी कधीच सांगलीला माहेरी आले होते, आणि नवऱ्याला ते पक्कं ठाऊक होतं. दाव्याआधी त्याच्या वकिलांनी पाठवलेली नोटीस रजिस्टर पोस्टाने सांगलीलाच आली होती! आईने ते पाकीट शिक्क्यासकट जपून ठेवलं होतं. कागद कितीही किरकोळ वाटला तरी टाकू नका, पाकीटसुद्धा.

एकतर्फी निकाल रद्द करून घेण्याचा अर्ज दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ९, नियम १३ खाली होतो. मुदत ३० दिवसांची. समन्स रीतसर बजावलेलं असेल तर ती निकालाच्या तारखेपासून मोजतात, नसेल तर निकाल कळल्यापासून. म्हणून कधी आणि कसं कळलं, ते त्याच दिवशी लिहून ठेवा. मुदत टळली असेल तर सोबत विलंब माफीचा अर्ज द्यावा लागतो आणि उशिराचं कारण कागदानिशी पटवावं लागतं. बजावणीत नुसती तांत्रिक चूक दाखवून भागत नाही. तारीख तुम्हाला माहीत होती आणि हजर राहायला वेळही होता, असं दिसलं तर अर्ज फेटाळला जातो.

माझा अर्ज मंजूर झाला, पण त्याने लेक घरी आली नाही. दावा फक्त पुन्हा सुरू झाला. तोवर शनिवारच्या भेटी होत्या, कोर्टातल्या मुलांच्या खोलीत. पुढे न्यायाधीशबाईंनी तिला चेंबरमध्ये बोलावून एकटीशी गप्पा मारल्या. त्याआधी मी तिला काहीही पढवलं नव्हतं, आणि तुम्हीही पढवू नका. मुलांच्या तोंडचं पाठ केलेलं वाक्य लगेच ओळखू येतं. आज ती माझ्याकडे राहते, सुट्टीत वडिलांकडे जाते.

ज्यांची ही मुदत खरोखरच गेली आहे, त्यांनीही हाय खाऊ नये. ताब्याचा आदेश कायमचा दगडावर कोरलेला नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली रोझी जेकब खटल्यात स्पष्ट केलं आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली निकालानंतरही ताबा, शिक्षण आणि पोटगीचे आदेश बदलून मागता येतात. मात्र तिथे तुमच्यावर काय अन्याय झाला याला फारसं वजन नसतं. निकालानंतर मुलाच्या आयुष्यात काय बदललं, ते दाखवावं लागतं: शाळा सुटली, आजारपणाकडे दुर्लक्ष झालं, घरात मारहाण सुरू झाली. हे दोन अर्ज वेगळे आहेत. एकाच कागदात दोन्हींची खिचडी केली की कोर्टाचा वेळ जातो आणि तुमचे पैसेही.

वकिलाच्या फीपायी थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, आणि फोन १५१०० वर करता येतो.