आधी वारा, मग गारवा

मोटारीच्या एसीमध्ये दोन स्वतंत्र कामे चालतात. एक यंत्रणा वारा वाहते, दुसरी तो वारा गार करते. वारा वाहण्याचे काम ब्लोअर करतो. गार करण्याचे काम कॉम्प्रेसर, कंडेन्सर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि कूलिंग कॉइल मिळून करतात. दोहोंपैकी कशातही बिघाड झाला तरी गाडीत बसलेल्या माणसाची तक्रार एकच असते : एसी गार करत नाही. या तक्रारीवर पहिला उपाय सुचवला जातो तो गॅस भरण्याचा. प्रस्तुत लेखकाच्या गाडीत सलग तीन उन्हाळे हाच उपाय झाला. बिघाड मात्र गॅसचा नव्हता, वाऱ्याचा होता. त्याची किंमत शेवटी ताम्हिणी घाटात, भर पावसात मोजावी लागली. तपासणीचा क्रम पाळला असता तर ती वेळ आली नसती, म्हणून तो क्रम येथे सविस्तर दिला आहे.

वाऱ्याची वाट

ब्लोअर ही 12 व्होल्टवर चालणारी मोटार असून तिच्या दांड्यावर पिंजऱ्यासारखे गोल पाते बसवलेले असते. आपल्याकडच्या गाड्यांत ती सहसा डाव्या बाजूला, ग्लोव्ह बॉक्सच्या खाली किंवा मागे असते. बाहेरची हवा पुढच्या काचेच्या तळाशी असलेल्या जाळीतून आत येते, केबिन फिल्टरमधून गाळली जाते आणि कूलिंग कॉइलवरून डॅशबोर्डच्या झडपांकडे जाते. जुन्या, छोट्या गाड्यांपैकी अनेकींत हा फिल्टर नसेच. लेखकाची गाडीही त्यातलीच होती. पुण्यात ती रोज गुलमोहराखाली उभी राही. गुलमोहराची बारीक पाने जाळीच्या फटींतून सहज आत जातात. वर्षानुवर्षे ती ब्लोअरच्या पात्यात साचत गेली आणि वारा हळूहळू कमी झाला. हा बदल इतका संथ असतो की रोज गाडी चालवणाऱ्याच्या तो लक्षात येत नाही. गारवा कमी झाला एवढेच त्याला जाणवते. गॅस भरल्यानंतर गॅरेजात चाचणी पूर्ण वेगावर होई, तेव्हा वारा गार लागे. रोजच्या वापरात दुसऱ्या वेगावर गाडी तापलेलीच राही.

म्हणून पहिली तपासणी वाऱ्याची. एसी बंद ठेवून ब्लोअर एकेका वेगावर चालवावा आणि प्रत्येक वेगाला वारा स्पष्ट वाढतो का हे हाताने पाहावे. वारा मुळातच कमी असेल तर आधी जाळी आणि फिल्टर पाहावेत. फिल्टर साधारणपणे 10,000 ते 15,000 किलोमीटरला बदलतात. धुळीच्या रस्त्यांवर तो त्याआधीच भरतो. फिल्टर स्वच्छ असूनही वारा कमी असेल तर ब्लोअर काढून पाते पाहावे लागते. पानांबरोबर उंदरांनी आणलेल्या चिंध्या आणि कापूसही तेथे सापडतात.

रेझिस्टर काय सांगतो

चार वेगांच्या साध्या ब्लोअरमध्ये पहिले तीन वेग रेझिस्टरमधून मिळतात. पहिल्या वेगाला वीज रेझिस्टरच्या सर्व वेटोळ्यांतून जाते, तिसऱ्याला एकातून, आणि चौथ्याला रेझिस्टर वगळून थेट मोटारीला मिळते. त्यामुळे पहिले तीन वेग बंद आणि चौथा चालू, असे लक्षण दिसले तर रेझिस्टर जळालेला असतो, असे जवळजवळ निश्चित धरता येते. ऑटोमॅटिक एसीच्या गाड्यांत त्याच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असते. ते बिघडले की ब्लोअर बंद पडतो किंवा एकाच वेगाने फिरत राहतो.

रेझिस्टर बदलणे सोपे आहे, पण तो का जळाला हे शोधणे जास्त महत्त्वाचे आहे. तो ब्लोअरच्याच वाऱ्यात बसवलेला असतो, कारण त्याची उष्णता त्या वाऱ्याने निघून जावी लागते. वारा कमी झाला की तो तापतो. मोटारीचा दांडा जड फिरू लागला की मोटार जास्त वीज ओढते आणि रेझिस्टर आणखी तापतो. लेखकाच्या गाडीत दोन्ही गोष्टी एकदम घडत होत्या. गॅरेजने रेझिस्टर बदलला, मोटार उघडून पाहिली नाही. नवा रेझिस्टर पाच आठवड्यांत जळाला. चौथा वेग चालतो आहे, एवढ्या समाधानावर गाडी पुढे तशीच वापरली गेली. ही चूक लेखकाची स्वतःची होती.

ब्लोअर अजिबात फिरत नसेल तर तपासणीचा क्रम असा : फ्यूज, रिले, मग मोटारीच्या कपलरवर 12 व्होल्ट आणि अर्थ मिळतात का हे टेस्ट लॅम्पने पाहणे. वीज पोचत असून मोटार फिरत नसेल, आणि तिच्या कवचावर हलके ठोकल्यावर ती सुरू होत असेल, तर तिचे कार्बन ब्रश झिजलेले असतात. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर त्या जागी मोठा फ्यूज कधीही घालू नये. फ्यूज वायरिंगचे रक्षण करतो. मोठा फ्यूज टिकतो आणि त्याच्याऐवजी वायर जळते. डॅशबोर्डमागे जळणारी वायर म्हणजे गाडीला लागू शकणारी आग आहे.

पावसातला धोका

ब्लोअर ही केवळ सुखसोय नाही. पावसाळ्यात आत बसलेल्यांच्या श्वासातील वाफ गार काचेवर जमते आणि काच आतून धूसर होते. एसी चालू असताना हवेतील बाष्प कूलिंग कॉइलवर पाणी होऊन गळून जाते, आणि ती कोरडी हवा काचेवर सोडली की काच स्वच्छ होते. गाडीखाली ठिबकणारे पाणी हेच असते, तो बिघाड नव्हे. तेच पाणी डाव्या बाजूच्या पायपुसण्यावर दिसले तर मात्र निचऱ्याची नळी तुंबलेली असते.

ताम्हिणी घाटात जुलैमधील एका संध्याकाळी लेखकाच्या गाडीत आधी जळका वास आला आणि मग ब्लोअर थांबला. कपलर वितळला होता. चार माणसे आत, बाहेर मुसळधार पाऊस; काही मिनिटांत पुढची काच पांढरी झाली आणि समोरचे वळण दिसेनासे झाले. अशा वेळी ब्लोअर आणि एसीचे बटण लगेच बंद करावे, सर्व खिडक्या दोन-तीन बोटे उघडाव्यात, वेग कमी करावा आणि वळण सोडून रुंद जागा मिळताच गाडी बाजूला घेऊन चारही इंडिकेटर लावावेत. काच पुसत पुसत गाडी चालवत राहू नये. जळका वास वाढला किंवा धूर दिसला तर इंजिन बंद करून सर्वांनी खाली उतरावे.

गारव्याची तपासणी

वारा प्रत्येक वेगावर नीट येतो, पण गार नाही, अशी खात्री झाल्यावरच गारव्याकडे वळावे. गॅस कूलिंग कॉइलमध्ये उकळतो आणि उकळताना भोवतीच्या हवेतील उष्णता घेतो. सध्या बहुसंख्य गाड्यांत असलेला आर-134ए हा गॅस साध्या वातावरणीय दाबाला उणे 26 अंश सेल्सिअसला उकळतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, रेडिएटरपुढील कंडेन्सरमध्ये तो उष्णता सोडून द्रव होतो आणि पुन्हा आत येतो.

एसी सुरू करताच कॉम्प्रेसरच्या क्लचचा टक् असा आवाज यावा. तो येत नसेल तर फ्यूज, रिले आणि प्रेशर स्विच पाहावेत. गॅस फार कमी असेल तर हा स्विच कॉम्प्रेसरला सुरूच होऊ देत नाही. गाडी धावताना गारवा नीट आणि सिग्नलवर थांबताच गरम हवा, असे होत असेल तर बहुधा कंडेन्सरपुढचा किंवा मागचा पंखा फिरत नसतो, किंवा कंडेन्सरच्या पातळ पट्ट्यांत चिखल आणि किडे साचलेले असतात. सुरुवातीला उत्तम गारवा आणि अर्ध्या तासाने वाराच मंदावणे, हे कूलिंग कॉइलवर बर्फ जमल्याचे लक्षण आहे. एसी बंद करून काही वेळ नुसता ब्लोअर चालवल्यावर वारा परत आला तर ही शंका पक्की होते. मग तापमानाचा सेन्सर तपासावा, आणि कॉइलवर पुरेसा वारा पोचतो का हेही पाहावे. कॉम्प्रेसर चालू, नळ्याही योग्य तशा गार-गरम, तरी झडपांतून गरम हवा येत असेल तर डॅशबोर्डमधील गरम-गार हवा मिसळणारा पडदा अडकलेला असू शकतो. गोडसर वास आणि काचेवर चिकट धुके आले तर हीटरच्या कॉइलमधून कूलंट गळते आहे. ते काम लांबवू नये.

गॅस शेवटी

गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो कमी झाला असेल तर तो कोठून तरी गळतो आहे. गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा निघून जातो. कॉम्प्रेसरचे तेल गॅसबरोबरच फिरत असल्यामुळे कमी गॅसवर चालणारा कॉम्प्रेसर कोरडा पडून झिजतो. सांध्यांवरचे तेलकट डाग गळतीची जागा दाखवतात. योग्य पद्धतीत जुना गॅस यंत्राने काढून घेतात, गळती दुरुस्त करतात, व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतील हवा आणि ओल ओढून घेतात आणि बॉनेटखालच्या चिकटपट्टीवर छापलेल्या वजनाइतकाच गॅस वजन करून भरतात. फक्त दाब पाहून अंदाजाने भरू नये. यंत्रणा बंद असताना 30 अंशांना आर-134एचा दाब सुमारे 95 पीएसआय असतो, आणि आत थोडा द्रव शिल्लक असला तरी तो तेवढाच दिसतो. जास्त गॅसही वाईटच, त्याने दाब चढतो आणि गारवा कमी होतो. नळी स्वतः सोडवून गॅस हवेत जाऊ देऊ नये. त्वचेवर किंवा डोळ्यांत उडालेला द्रव गॅस गंभीर इजा करतो.

लेखकाच्या गाडीचा ब्लोअर अखेर बाहेर काढला तेव्हा पात्यात मूठभर कुजलेली पाने निघाली आणि दांडा हातानेही जड फिरत होता. नवी मोटार, रेझिस्टर आणि कपलर बसवले, काचेखालच्या जाळीवर बारीक जाळी लावली. गॅसला हात न लावता पहिल्या वेगावरही गाडी गार झाली. गॅरेजात गाडी नेताना ‘गॅस भरा’ असे सांगू नये. कोणत्या वेगावर वारा येतो, गारवा कधी जातो आणि कोणता वास येतो, हे सांगावे. योग्य दुरुस्ती तेथून सुरू होते.