टपाल तिकिटावर कोणाचे चित्र? : वर्गातील एक पाठ

नवदीक्षित कुटुंबांतील माता-पित्यांनो,

राजूरच्या आमच्या शाळेतील सातवीची मुले पंधरा दिवस पट्टी, रंगपेटी आणि घरचा मोबाईल घेऊन बसलेली पाहून काही पालकांनी विचारले, "गुरुजी, हा अभ्यास आहे की खेळ?" प्रश्न रास्त आहे. ज्या घरातले पहिलेच लेकरू सातवीपर्यंत आले, त्या घराला वेळ वाया जाण्याची धास्ती वाटणारच. माझ्या आजोबांना पत्र आले की ते वाचून घेण्यासाठी दुसऱ्याच्या ओट्याखाली उभे राहावे लागे. पाकिटावरचे तिकीट तेवढे त्यांना कोणाच्या मदतीवाचून कळे. म्हणून तिकीट मला कधी क्षुल्लक वाटले नाही.

मुलांना काम दिले ते असे : ज्या व्यक्तीचे, स्थळाचे वा घटनेचे स्मरण देशाने ठेवावे असे तुम्हांस वाटते, तिचे स्मारक-तिकीट तयार करा आणि आपली निवड कारणांसह लिहून द्या.

आधी छापली गेलेली तिकिटे पाहिली. २५०० व्या बुद्धजयंतीनिमित्त २४ मे १९५६ रोजी २ आणे व १४ आणे किमतीची दोन तिकिटे निघाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात नागपूरची धम्मदीक्षा झाली. परमपूज्य बाबासाहेबांचे पहिले तिकीट १४ एप्रिल १९६६ चे, १५ पैशांचे. पुढे १९७३ साली २० पैशांचे आले आणि १९९१ साली जन्मशताब्दीचे १ रुपयाचे. महात्मा जोतीराव फुले यांचे तिकीट २८ नोव्हेंबर १९७७ चे आणि सावित्रीबाईंचे १० मार्च १९९८ चे. एका मुलीने लगेच वजाबाकी केली व विचारले, "सर, दोघांनी काम बरोबरीने केले, मग मधे वीस वर्षे का?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. तो प्रश्न तिने वहीत प्रश्न म्हणूनच लिहून ठेवला आहे.

गणित येथे आपोआप शिरले. तिकीट २.९ सें.मी. रुंद व ३.९ सें.मी. उंच धरले, तर चित्र चौपट, म्हणजे ११.६ व १५.६ सें.मी.चे काढावयाचे. लहान करताना ४ मि.मी. उंचीचे अक्षर १ मि.मी.चे होते आणि वाचता येत नाही. बहुतेकांची पहिली खेप याच कारणाने फुकट गेली. मोठे नाव, थोडे शब्द, एकच ठळक आकृती : हे मी सांगून त्यांना पटले नव्हते, छापून पाहिल्यावर पटले.

सर्वांत मोठा धडा मोबाईलने शिकविला. एकाने बाबासाहेबांच्या पुतळ्याचे चित्र सुरेख काढले, पण त्याचा फोटो समोरच्या कॅमेऱ्याने घेतला. छापून पाहतो तो उंचावलेले बोट डाव्या हाताचे आणि संविधान उजव्या हातात! पोरगा रडकुंडीला आला. तेव्हा मी १९४९ सालची हकीकत सांगितली. त्या वर्षीच्या मालिकेतील १ आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्वाची मूर्ती अशीच डावी-उजवी उलटून छापली गेली होती व १९५० साली ती सुधारून पुन्हा छापावी लागली. सरकारी छापखान्याचीही जेथे चूक होते, तेथे सातवीच्या पोराने का रडावे? मात्र तपासल्यावाचून कागद पुढे जाऊ देऊ नये.

त्याच मालिकेत सांची स्तूपाच्या पूर्व तोरणाचे ३ आण्यांचे तिकीट होते. सांचीला दान देणाऱ्यांची नावे दगडात कोरलेली आहेत. त्यांत भोगवर्धनच्या रहिवाशांचीही आहेत. भोगवर्धन म्हणजे आपल्या तालुक्याचे भोकरदन, असे अभ्यासक मानतात. हे ऐकून वर्ग क्षणभर गप्प झाला. आपल्या मुलखातील माणसांनी दोन हजार वर्षांपूर्वी स्तूपासाठी दान दिले, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. चार मुलांनी आपला विषय त्याच दिवशी बदलला.

एका मुलीने मात्र आपल्या आजीचे चित्र काढले : डोक्यावर हंडा, मागे दूरची विहीर. हयात व्यक्तीचे तिकीट काढण्याची आपल्याकडे सहसा रीत नाही, असे मी सांगितले. ती म्हणाली, "मग विहिरीचे काढते, आजी बाजूला उभी राहील." तिचे कारणपत्र वर्गात सर्वांत चांगले आहे. टपाल खात्याच्या 'माय स्टॅम्प' योजनेत, जी २०११ साली सुरू झाली, घरच्या माणसाचा फोटोही छापून मिळतो. १२ तिकिटांच्या पानाला ३०० रुपये पडत असत. मजुरीवर चालणाऱ्या घराला ही रक्कम लहान नाही, म्हणून मी आग्रह करीत नाही. मुलांनी केलेली तिकिटे मात्र पत्रावर चिकटवू नयेत. ती चालत नाहीत.

२०१७ साली सुरू झालेल्या 'दीनदयाळ स्पर्श' शिष्यवृत्तीत तिकीटसंग्रहाची आवड असणाऱ्या सहावी ते नववीच्या निवडक विद्यार्थ्यांना वर्षाला ६,००० रुपये ठरविलेले आहेत. त्यासाठी शाळेत तिकीटसंग्राहक मंडळ असावे लागते, नाहीतर मुलाचे स्वतःचे तिकीटसंग्रह-खाते. यंदाचे नियम टपाल कार्यालयात जाऊन विचारावेत. आईवडिलांनी मुलाला बरोबर न्यावे आणि प्रश्न त्यालाच विचारू द्यावेत.

कडेची भोके आम्ही दोरा न ओवता शिलाई मशीन चालवून पाडतो. अकरा तिकिटांची भोके अजून राहिली आहेत. ज्यांच्या घरी मशीन आहे त्यांनी एका संध्याकाळी ते शाळेत आणावे, ही विनंती.