संचालकाचं मानधन आणि तुमची ग्रॅच्युइटी

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातून निवृत्त झालेला शिक्षक आहे. रस्तेबांधणीच्या एका सूचिबद्ध कंपनीचे शेअर माझ्याकडे आहेत. तिचा निव्वळ नफा ६०० कोटी रुपये आहे. एक निवृत्त सनदी अधिकारी तिथे स्वतंत्र संचालक आहेत आणि त्यांना वर्षाला ३६ लाख रुपये कमिशन मिळतं. पाच-सहा बैठकांचे एवढे पैसे म्हणजे राजकीय लाचच ना? सेबीकडे तक्रार करू का? मुलगा मात्र म्हणतो, असा माणूस आत आहे म्हणजे कंत्राटं मिळत राहणार, ग्रॅच्युइटीही यातच घाला.

उत्तर : तुम्ही लाचेबद्दल विचारलंत, पण खरी घालमेल पत्राच्या शेवटच्या वाक्यात आहे. आधी मानधनाचं पाहू. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १९७ नुसार, कंपनीला व्यवस्थापकीय संचालक असेल तर सगळ्या बिगर-कार्यकारी संचालकांना (स्वतंत्र संचालकही त्यांतच येतात) मिळून निव्वळ नफ्याच्या १ टक्क्यापर्यंत कमिशन देता येतं. त्यापुढे जायचं तर भागधारकांचा विशेष ठराव लागतो. बैठकीचा भत्ता वेगळा, एका बैठकीला जास्तीत जास्त १ लाख रुपये. तुमच्या कंपनीपुरती ही मर्यादा ६ कोटींची झाली. ३६ लाख म्हणजे नफ्याच्या शंभर रुपयांतले सहा पैसे, तेही वार्षिक अहवालात नावासकट छापलेले आणि करकपात होऊन दिलेले. लाच सहसा अशी छापून दिली जात नाही. जुन्या उपकाराची ही परतफेड असेल, असं तुम्ही म्हणाल. असू शकते, पण ते रकमेवरून कळत नाही. हे गृहस्थ नोकरीत असताना त्यांच्या खात्याने याच कंपनीला कामं दिली होती का, आणि निवृत्तीनंतर किती दिवसांत ते मंडळावर आले, हे पाहावं लागतं. आयएएस अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर वर्षभराच्या आत असं पद घ्यायचं तर सरकारची परवानगी लागते. या तारखा संशयास्पद निघाल्या तर मानधन ३ लाख असलं तरी प्रकरण गंभीर आहे.

राजकारणाकडे जाणारा मोठा पैसा या वाटेने जातच नाही. कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवर तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा होती, ती २०१७ मध्ये काढली गेली आणि पुढे निवडणूक रोखे आले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही गोष्टी रद्द केल्या. मार्चमध्ये रोखे घेणाऱ्यांची नावं जाहीर झाली, तेव्हा काही कंपन्यांचे आकडे शेकडो कोटींचे निघाले. संचालकाच्या कमिशनमध्ये एवढा पैसा मावणार कुठे?

आता मुलाच्या सल्ल्याकडे येतो, कारण माणसं बुडतात ती इथे. वर ओळख आहे असा संशय आला की चिडायचं, आणि त्याच ओळखीच्या भरवशावर शेअर धरून ठेवायचा, हे मी गुंतवणूकदारांत सतत पाहतो. ओळख खरी असेल तरी तिचा लाभ प्रवर्तकाला होतो, आणि ती तुटली की फटका भागधारकाला बसतो. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टूजीचे १२२ परवाने एका निकालात रद्द केले. सप्टेंबर २०१४ मध्ये २१४ कोळसा खाणपट्टे गेले. किंगफिशर एअरलाइन्सचे सर्वेसर्वा स्वतः राज्यसभेचे खासदार होते, तरी ऑक्टोबर २०१२ मध्ये विमानं जमिनीवर आली. सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या मंडळावर माजी कॅबिनेट सचिव होते, हार्वर्डचे प्राध्यापक होते. त्याच मंडळाने १६ डिसेंबर २००८ रोजी संस्थापकाच्या कुटुंबाशी संबंधित दोन कंपन्या सुमारे १६० कोटी डॉलरना घ्यायला मंजुरी दिली. गुंतवणूकदार खवळले म्हणून तो बेत काही तासांत मागे घेतला गेला. ७ जानेवारी २००९ ला संस्थापकाने हिशेबातल्या घोटाळ्याची कबुली दिली आणि एका दिवसात शेअरची तीन-चतुर्थांशाहून जास्त किंमत गेली. संचालकांच्या मानधनाचा तक्ता कितीही घोटला असता तरी यातलं काही दिसलं नसतं. खरेदीच्या त्या प्रस्तावात मात्र धोक्याची खूण उघड होती.

म्हणून तुमचा वार्षिक अहवाल काढा आणि हिशेबाच्या टिपांमधली संबंधित पक्षांशी झालेल्या व्यवहारांची टीप वाचा. प्रवर्तकाच्या इतर कंपन्यांना बिनव्याजी आगाऊ रक्कम, हमी किंवा कर्ज दिलं आहे का? एखाद्या संचालकाच्या नातलगाच्या फर्मला सल्ल्याची फी गेली आहे का? सत्यममध्ये एका स्वतंत्र संचालकाला बैठकभत्त्यापलीकडे सल्ल्याचं वेगळं शुल्क मिळत होतं, हे विसरू नका. प्रवर्तकांचे किती शेअर गहाण आहेत, लेखापरीक्षक मुदतीआधी गेले असतील तर का, हेही पाहा. रस्त्यांच्या कंपनीत सरकारकडची येणी दरवर्षी वाढत असतील, तर कागदावरचा नफा अजून हातात आलेला नाही.

सेबीकडे नुसत्या ३६ लाखांच्या आकड्यावर तक्रार करू नका, ती टिकणार नाही. माहितीच्या अधिकाराचा अर्ज खासगी कंपनीला लागू नाही. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर या गृहस्थांचं नाव घेऊन लाचखोर म्हणाल तर बदनामीचा खटला तुमच्यावर येईल. टिपेत काही खटकलं तर वार्षिक सभेत लेखी प्रश्न विचारा आणि ठरावावर ई-मतदान करा, तो हक्क एका शेअरलाही आहे. ग्रॅच्युइटीतला एक रुपयाही या शेअरमध्ये घालू नका. मुलाला हे पत्र वाचायला द्या.